मुराळ्यावाचून आलेली गाडी

आयर्लंडमधल्या स्लायगोला आल्यावर अलकनंदाबाईंनी नातीला पहिला शब्द शिकवला तो 'येते'.

रेवा सात वर्षांची. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर यायचं ते इथल्या हेलातल्या इंग्रजीत. शेजारच्या नोएलच्या शेडमधून खेळून निघाली की दारातूनच ओरडायची, "आयॅम गोइंग!"

"आगं, जाते म्हणू नये," आजी कपाळाला हात लावायची. "जाते म्हणणारं माणूस परत येत नाही. येते म्हणावं."

"बट आयॅम नॉट कमिंग, आज्जी. आयॅम गोइंग."

"तरी येतेच म्हणायचं."

"दॅट मेक्स नो सेन्स," रेवा म्हणाली. पण आजीचं मन राखायला तिनं तो शब्द आपल्या भाषेत उलटवून घेतला. दुसऱ्या दिवसापासून शेडच्या दारात थांबायची, मागं वळून म्हणायची, "आयॅम कमिंग!" आणि पळत घरी.

रेवाच्या आईला, वृंदाला, हसू आवरेना. वृंदा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर. नवरा प्रताप आठवडाभर डब्लिनजवळ ल्यूकनला मित्राकडे राहून डब्लिनची नोकरी करायचा. शाळा सुटल्यावर पोरीकडे बघायला कोणी नाही, म्हणून साताऱ्याहून आजी आलेली. एलआयसीतून निवृत्त झालेली, साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालणारी.

नोएल फॅलन उंच, किंचित वाकलेला, बायको गेल्यापासून एकटा. त्याच्या दगडी शेडमध्ये एक मोटार उभी होती. शंभर वर्षांहून जुनी, शेवाळासारख्या हिरव्या रंगाची. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, उघडं छप्पर, आणि मागं कातडी सीट. नाकावर पितळेची अक्षरं: फॅलन.

"ही अमेरिकेत झाली," नोएल म्हणाला. एका रविवारी वृंदानं आईला त्याच्याकडे चहाला नेलं होतं. "आमच्याच घरातल्या माणसानं केली. योर मॅन डॉमिनिक."

अलकनंदाबाई दचकल्या. लेकीकडे झुकून म्हणाल्या, "माझा माणूस काय म्हणतोय हा? तुझे बाबा तर घरी कांदेपोहे करत असतील."

"आई, इथं 'योर मॅन' म्हणजे 'तो गडी'. कोणालाही म्हणतात."

"मग सरळ गडी म्हणावं की!"

वृंदानं त्याला ते सांगितलं तेव्हा नोएल डोळ्यांत पाणी येईतो हसला. मग त्यानं त्या गड्याची गोष्ट सांगितली.

डॉमिनिक याच घरातून अमेरिकेला निघाला. त्या काळी निघणाऱ्या पोराच्या नावानं आदल्या रात्री जागरण व्हायचं, मेलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर जागतात तसंच. कारण गेलेला परत दिसायचा नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं. फक्त धाकट्या बहिणीला, ब्रायडीला, ते ठाऊक नव्हतं. सकाळी ती त्याचा कोट सोडेना. तेव्हा तो म्हणाला, मी येतो. गाडी घेऊन येतो. तुला मागं बसवून नेतो.

इंडियानात तो बग्ग्यांच्या कारखान्यात चाकं घासायला लागला. मग स्वतःच्या बग्ग्या करू लागला. मग एका हिवाळ्यात त्यानं घोडा सोडून दिला आणि बग्गीच्या पोटात इंजिन बसवलं. ती पहिली फॅलन. वळवायला नावेच्या सुकाणूसारखा दांडा, आणि चढ आला की उतरून ढकलायची. पुढं गोल चाक आलं, पितळी दिवे आले, कंपनीला नाव झालं. खेड्यापाड्यांत फिरणारे डॉक्टर त्याची गाडी मागून घ्यायचे, कारण ती चिखलात रुतत नसे. प्रत्येक गाडी हिरवीच. दुसरा रंग मागितला तर डॉमिनिक म्हणायचा, दुसऱ्याकडे जा. एकदा कोणी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "बहिणीला लांबून ओळखू यावी."

मग मोठमोठे कारखाने ढिगांनी स्वस्त गाड्या काढू लागले. एकेक चाक हातानं घासणाऱ्याचा तिथं काय निभाव लागणार? कारखान्याला टाळं लागलं. शेवटची तयार झालेली गाडी डॉमिनिकनं लाकडी पेटाऱ्यात घालून बोटीवर चढवली. स्वतः पुढच्या बोटीनं यायचा होता. तेवढ्यात फुप्फुसाला सूज आली आणि तो गेला.

"गाडी आली. तो नाही," नोएल म्हणाला. "तोवर ब्रायडीचे केस पिकायला लागलेले. गावात गाडी चालवणारा कोणी नाही. रोज संध्याकाळी ती टोपी घालून मागच्या सीटवर जाऊन बसायची. बसल्या जागीच गेली." त्यानं सीटकडे बोट केलं. "ती सीट कधी गार पडत नाही. मी म्हणतो, उन्हानं असेल. पण इथं ऊन असतं कुठं?"

अलकनंदाबाईंनी सीटवर तळवा टेकवला. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ऊब होती.

"म्हणजे न्यायला येणारा मुराळी आलाच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नुसती गाडीच आली." आणि आईच्या तोंडून लहानपणी ऐकलेल्या चालीवर त्यांच्या ओठांत आपोआप दोन ओळी आल्या:

*वाट पाहते बहीण, उंबऱ्याला हात*
*गाडी आली दारी, भाऊ नाही आत*

शेडमध्ये वारं नव्हतं. तरी पितळी दिव्याची काच आतून धुरकटली.

त्यानंतर आजीचं रेवावर लक्ष राहू लागलं. रेवा गाडीत बसायची ती मागच्या सीटच्या एका कडेला, अंग चोरून. उरलेल्या जागेत कातडं थोडं खाली दबलेलं असायचं. घरी आली की पोरीचा एक हात ऊबदार आणि एक हात विहिरीच्या पाण्यासारखा गार. कपड्यांना वास यायचा. पूर्वी जत्रेत भजीवाल्याच्या गाड्यावर कार्बाइडची बत्ती असायची, तसा उग्र, ओला वास.

"कोणाशी खेळतेस गं तिथं?"

"ब्रायडी. शी'ज ग्रँड, आज्जी. तिचा भाऊ येणारे."

'भाऊ येणारे' एवढं मात्र रेवा चक्क मराठीत बोलली. आजीला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मग एका दुपारी नोएल विचारायला आला, "माझी गाडी कोणी हलवली का?" भिंतीला टेकून असलेली मोटार शेडच्या दाराशी आली होती. टायरांत हवा नाही, टाकीत पेट्रोल नाही. त्यानं ती ढकलून मागं नेली, चाकांखाली लाकडी ठोकळे दिले. दोन दिवसांनी गाडी अंगणात उभी. ठोकळे पायरीवर एकावर एक नीट रचलेले, घरी आलेल्या पाहुण्यानं चपला काढून ठेवाव्यात तसे.

पुढं ती गल्लीत दिसली. नाक वृंदाच्या घराकडे.

वृंदानं रेवाला शेडमध्ये जायची बंदी केली. "नोएलचा हँडब्रेक गेलाय, आई, आणि गल्लीला उतार आहे. दुसरं काही नाही."

"उतार खाडीकडे आहे," आई म्हणाली. "आपलं घर चढावर आहे."

त्या रात्री वृंदा रेवाच्या खोलीत झोपली.

बंदी झाल्यावर रेवा रडली नाही, भांडली नाही. शाळेतून आली की कोट अंगात तसाच ठेवून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. पुढ्यात ठेवलेलं दूध थंड व्हायचं. कशाला बसलीस विचारलं तर म्हणायची, "मी सांगितलंय ना तिला, आयॅम कमिंग. रोज सांगितलंय. शी सेज इट्स नियरली टाइम."

आजीच्या हातातला पेला तसाच राहिला. रोज. रोज दारात थांबून, मागं वळून. आणि ते शिकवलं कोणी?

त्या शुक्रवारी खाडीवरून धुकं चढत होतं. वृंदा हॉस्पिटलात, नोएल गावात. स्वयंपाकघरात अलकनंदाबाई थालीपीठ उलटत होत्या. बाहेर भोंगा वाजला. रबरी फुगा दाबल्यासारखा, एकदाच. त्यांनी वळून पाहिलं. जिन्याची पायरी रिकामी, पुढचं दार सताड उघडं.

फाटकासमोर हिरवी गाडी उभी होती. दोन्ही पितळी दिवे पेटलेले. मागच्या सीटवर रेवा, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. आणि त्या बाहेर पोचेपर्यंत गाडी चालू लागली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. खड्यांवरून लाकडी चाकं सरकल्याची तेवढी करकर. पुढं चाकाशी कोणी नव्हतं. गल्ली संपते तिथून होड्या पाण्यात सोडायचा फरसबंद उतार, आणि त्याच्या तोंडाशी भरतीचं पाणी.

अलकनंदाबाई धावल्या. पदर वाऱ्यावर, गुडघे बोंब मारतायत. त्यांनी बाजूच्या पायरीवर पाय टेकला, दांडी धरली आणि रेवाचा दंड पकडून ओढला. पोर हलेना. दुसरा हात कोणीतरी धरून ठेवला होता. बोटं दिसत नव्हती, पण रेवाच्या मनगटाची कातडी त्यांच्याखाली दबून पांढरी पडली होती.

"सोड तिला! ए बाई, सोड!"

"ती नाही सोडणार, आज्जी." रेवा हमसत होती. "मी कमिंग म्हणाले. तू म्हणायला लावलंस. यू कान्ट से कमिंग अँड नॉट कम!"

चाकं गल्लीच्या टोकाशी आली. समोर धुक्यात पाण्याचा करडा पट्टा.

अलकनंदाबाईंना तेव्हा कळलं. ब्रायडीशी आजवर कोणी खरं बोललंच नव्हतं. भाऊ म्हणाला येतो. त्यानं चाकं घासली ती त्या एका शब्दासाठी. कारखाना उभा केला, सगळ्या गाड्या हिरव्या रंगवल्या, शेवटची समुद्रापार धाडली, आणि तरी आला नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी दुसरं कोणीतरी दारात थांबून तेच म्हणालं होतं. एकदा नाही, रोज.

"रेवा, ऐक. तुझं बरोबर होतं. गोइंग म्हण. जाते म्हण तिला."

रेवानं मान हलवली. "तू म्हणालीस, जाते म्हणणारं परत येत नाही."

"म्हणाले होते."

"आय वोन्ट कम बॅक? घरी?"

जन्मात कधी 'जाते' हा शब्द त्यांनी उंबऱ्यावर उच्चारला नव्हता. नवऱ्याला ऑपरेशनला आत नेताना त्यानं गमतीनं 'जातो गं' म्हटलं, तर स्ट्रेचर थांबवून त्याच्याकडून 'येतो' म्हणवून घेतलं होतं. आणि आता स्वतःच्या नातीच्या तोंडी तोच घालायचा.

"तिच्याकडे परत येणार नाहीस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येशील. मी इथंच उभी आहे. म्हण."

पुढची चाकं पाण्याला लागली. पाणी चुबुक वाजलं. अलकनंदाबाईंनी रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर हात ठेवला, जिथं कातडं दबलं होतं तिथं. गार, बारीक खांदा; केस पिकलेल्या बाईचा नव्हे, भावाचा कोट न सोडणाऱ्या त्या लहान मुलीचा. सासरी राहिलेल्या लेकीला समजवावं तशा सुरात त्या म्हणू लागल्या. गात होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांना कळत नव्हतं:

*खाली ठेव गं बाई, डोळ्यांतली वाट*
*भाऊ गेला दूर, सोड नातीचा हात*

"ही नॉट कमिंग, बाळा," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. "युवर ब्रदर. ही वॉन्टेड. व्हेरी मच वॉन्टेड. बट नो."

गाडी थांबली. पाण्यात दिव्यांची दोन पिवळी वर्तुळं हलत राहिली.

"ब्रायडी," रेवा अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आयॅम गोइंग." मग आजीकडे बघत, चाचपडत, "मी जाते."

मनगटावरचे बोटांचे पांढरे ठसे एकेक करून नाहीसे झाले. अलकनंदाबाईंनी पोरीला उचललं आणि गुडघाभर पाण्यातून तशाच वर आल्या. मागं वळून पाहिलं तेव्हा दिवे विझले होते.

नोएलनं ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर काढली. कसं झालं, कोणीच विचारलं नाही. रेवा हळूहळू दूध पिऊ लागली, शाळेतल्या मुलींना घरी आणू लागली. मनगटावर बोटं होती तिथला पट्टा तेवढा बरेच दिवस थंड लागायचा. शेडकडे ती परत फिरकली नाही.

आजीचा जायचा दिवस आला. प्रताप बॅगा गाडीत टाकत होता. "दोन मिनिटं," असं म्हणून त्या शेजारी गेल्या. नोएलनं शेडचं दार उघडून दिलं.

"आता गार असते ती सीट," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. बरंच झालं म्हणायचं. पण आत यायला नको वाटतं मला."

मोटार भिंतीला टेकून उभी होती. मागच्या सीटच्या एका कोपऱ्यात कातडं अजून थोडं दबलेलं होतं, भिंतीकडे तोंड करून कोणी बसावं तसं. अलकनंदाबाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची पुडी काढली. हिरव्या पत्र्यावर, पितळी अक्षरांच्या वर, दोन बोटं लावली. साखरेची चिमूट सीटवर ठेवली. माहेरवाशिणीला निरोप देताना हातावर काहीतरी गोड ठेवायचं असतं.

बाहेरून प्रतापनं हाक मारली, "आई, फ्लाइट!"

"आले, आले." त्या वळल्या, उंबरा ओलांडला, आणि साठ वर्षांची जीभ आपली आपणच वळली:

"बरंय. येते हं."

शब्द तोंडातून गेला आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मागं, अंधारात, दिव्याची काच आतून धुरकटत गेली. कोणी लहान मूल अगदी जवळ येऊन तिच्यावर श्वास सोडत असल्यासारखी.

शब्द मागं घेता आला असता. एवढंच म्हणायचं होतं, जाते. नातीला शिकवला तोच शब्द. त्यांनी तोंड उघडलं. काचेवरचं धुकं वाढत होतं, आणि त्यात एका छोट्या बोटाची रेघ उमटू लागली होती.

त्या पोरीला तो शब्द दुसऱ्यांदा ऐकवणं त्यांच्यानं होईना; त्यांनी तोंड मिटलं. शेडचं दार हळूच, न वाजवता लोटून घेतलं.