सरजाबाईच्या दारातला कापूर

मारुतीच्या पारापुढं जमलेली ती गर्दी म्हाताऱ्यांची होती. दिवाळी झाली की आमच्या गावातली कर्ती माणसं ऊसतोडीला निघून जातात. मागं उरतात म्हातारे, थोडी शाळकरी पोरं आणि माझ्यासारखी नोकरीपुरती आलेली शिक्षिका. देवगाव फाट्याकडून जीपमधून येणाऱ्या कर्पूर महाराजांनी नेमकं हेच हेरून गाव निवडलं असावं.

महाराजांनी धुरपताबाईंच्या घरातून आणलेली पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी वर धरली. मागच्या खेपेला सगळ्यांदेखत तिच्यात त्यांच्या घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावानं कापराच्या वड्या बांधल्या होत्या. गाठीवरची लाख जशीच्या तशी होती. महाराजांनी ती फोडली, फडकं उलगडलं. आत काहीच नव्हतं. राख नाही, ओल नाही, साधा डागही नाही.

"आत्मा सूक्ष्म, त्याचा आहार सूक्ष्म," महाराज म्हणाले. "तुमचं माणूस येऊन जेवून गेलं. घरात वास सुटला होता का न्हाई?"

धुरपताबाईंनी डोळे पुसत मान हलवली. वास तर आलाच होता. आत्म्याला असं सूक्ष्म चालायचं. जीपमध्ये मात्र ज्वारीची पोती आणि जिवंत कोंबड्या चढायच्या.

माझी खोली सरजाबाईंच्या घराला लागून. त्यांचे मालक तात्याराव गेल्या उन्हाळ्यात वारले. मुलगा सूर्यभान आणि सून तोडीवर. शाळा सुटल्यावर मला त्यांच्याशिवाय बोलायला कुणी नव्हतं, आणि त्यांनाही माझ्याशिवाय. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पूर्णेच्या नेत्रशिबिरात मी त्यांचं नाव घातलं होतं. पण त्यांच्या चौकटीला पुरचुंडी टांगताना महाराजांनी बजावलं, की डोळ्याला शस्त्र लागलं तर येणारा वाट चुकतो, आणि घर एक दिवसही बंद ठेवायचं नाही. सरजाबाईंनी शिबिराला नकार दिला. हळूहळू त्यांनी मलाही संध्याकाळी येऊ नको म्हणून सांगितलं. परक्या माणसासमोर तात्याराव येणार नाहीत, असं त्यांना वाटे.

"म्याडम, ते यायलेत," त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई, पर वास तर येतो ना?"

त्यानंतरच्या संध्याकाळी लांबच लांब झाल्या. मी खोलीत वह्या तपासत बसे आणि भिंतीपलीकडून त्यांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येई. त्या तात्यारावांना दिवसभरातलं सांगत असत. मला राग यायचा, आणि त्या बोलण्याचा हेवाही वाटायचा.

मी तसलंच फडकं घेतलं, कापूर बांधला, गाठीवर लाख लावली आणि पुरचुंडी शाळेच्या पत्र्याखालच्या खोलीत टांगली. दुसरा कापूर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवला. बाटलीवर तात्यारावांचं नाव घालू का, असं सरजाबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे होकार दिला. म्हणाल्या, यायचंच असलं तर ते बाटलीतबी येतील.

महाराज पुन्हा आले तेव्हा मी दोन्ही वस्तू घेऊन पारापुढं उभी राहिले. त्यांनी आधी माझं आडनाव विचारलं. चारचौघांत आडनाव का विचारतात, ते मला शाळकरी वयापासून ठाऊक आहे. मी सांगितलं आणि पुरचुंडी आप्पारावांच्या हाती दिली. गावातले सगळ्यांत वयस्क तेच. त्यांनी शाबूत लाख फोडून गाठ सोडली. आत काही नव्हतं.

"ही माझ्या नावानं बांधली होती," मी म्हणाले. "मी जिवंत आहे, आणि मी कापूर खाल्लेला नाही."

मग बाटली दाखवली. तात्यारावांच्या नावाचा कापूर तसाच होता.

"मग आमचा कापूर गेला कुठं?" आप्पारावांनी विचारलं.

मी पातेल्यात कढत पाणी मागवलं. त्यात कापराची वाटी तरंगत ठेवली, वर ताट झाकलं आणि ताटात थंड पाणी ओतलं. वाट बघता बघता सांगत गेले. बर्फ आधी वितळतो, त्याचं पाणी होतं, मग पाण्याची वाफ होते. कापूर मधली पायरी गाळतो. त्याचे कण एकमेकांना सैल धरून असतात. पत्र्याखालच्या उबेनं ते सुटतात आणि घन रूपातून थेट हवेत मिसळतात. याला संप्लवन म्हणतात. फडक्याच्या विणीतून ते बाहेर पडतात, लाख न फुटता. काचेतून पडत नाहीत. घरात पसरणारा वास म्हणजे नाकापर्यंत पोचलेले तेच कण.

ताटातलं पाणी ओतून टाकलं आणि ताट उलटं केलं. बुडाला पांढरे, बारीक मिठासारखे कण धरले होते. हवेत गेलेला कापूर गार जागी पुन्हा घन झाला होता.

मी आत्म्याला उकळत्या पाण्याचा चटका दिला, असं महाराज म्हणू लागले. आप्पारावांनी जीपमधली पोती खाली उतरवायला लावली, तेव्हा ते बोलायचे थांबले. जीप गेली ती परत आली नाही.

सरजाबाई तिथंच होत्या. त्यांनी ताटाच्या बुडावरून बोट फिरवलं, हुंगलं.

"हाच वास," त्या म्हणाल्या. "म्हंजी ते न्हवते."

"नाही, आजी. कापूरच होता."

"मग मी इतके दिस एकलीच बोलायले."

मी त्यांचा हात धरून त्यांना घरी नेलं.

पुढच्या शिबिराला त्या तयार झाल्या आणि एका डोळ्याचं ऑपरेशन पूर्णेला झालं. पट्टी निघाल्यावर आम्ही बसनं परत आलो. त्यांनी कुलूप स्वतः उघडलं आणि उंबऱ्यात उभ्या राहून घरभर नजर फिरवली.

"लय रिकामं हाय की घर," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन चूल पेटवली. त्या दिवसापासून आम्ही रात्रीचं सोबतच जेवतो. तात्यारावांबद्दल त्या अजून बोलतात, आता माझ्याशी.

कापूर कसा उडतो हे शाळेत एका तासात शिकवून होतं. तरी गावोगाव पुरचुंड्या टांगल्या जातातच, कारण त्या बांधणाऱ्याला कुठलं घर रिकामं आहे ते आपल्याआधी कळलेलं असतं. म्हणून कुणी चमत्कार दाखवला तर गाठ स्वतः बांधा, काचेत झाकून बघा, प्रश्न विचारा. आणि शेजारी एकटं माणूस असेल तर महाराज पोचायच्या आधी तुम्ही पोचा.