खळ्यातलं भोक

नेत्राचं माहेर म्हसळ्याचं, समुद्रापासून चांगलं आत. चौलजवळच्या कोळीवाड्यात ती सून होऊन आली त्याला दुसरं वर्ष लागलं, तरी अजून तिला कोळंबीसारखा बारीक जवळा नीट निवडता येत नव्हता. नकाशे मात्र छान काढता यायचे. लग्नाआधी अलिबागला एका मोजणीवाल्याच्या ऑफिसात ती दिवसभर तेच करायची. तिचे सासरे गुणाजी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. ते चारचौघांत सांगायचे, "आमच्या सुनेला मासली वलखता येत न्हाय, पन गाव वलखते. ते पन आभालातून."

आता त्या गुणाचं काम निघालं होतं. किनाऱ्याचा नवा सरकारी नकाशा व्हायचा होता आणि कोळीवाड्याने आपल्या वापरातली जागा आखून द्यायची होती. होड्या ओढायची जागा, वाटा, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे मासळी सुकवायचं खळं. रेषेच्या आत येईल ते कोळ्यांचं, बाहेर राहील ती मोकळी जागा. किनाऱ्यावरची मोकळी जागा फार दिवस मोकळी राहत नाही, हे शेजारच्या गावात पाहुण्यांच्या गाड्या उभ्या राहायला लागल्यापासून सगळ्यांना कळून चुकलं होतं.

नेत्राने उपग्रहाचा फोटो पडद्यावर घेतला आणि खळ्याच्या कडेकडेने ठिपके टाकत गेली. शेवटचा ठिपका पहिल्याला टेकला की आकृती बंद होते आणि आत रंग भरतो. तो क्षण तिला फार आवडे, करंजीचं तोंड मिटल्यासारखा. फोटोत अख्खं खळं वाळत्या जवळ्याने गुलाबी झालेलं होतं. फक्त मधोमध एक चौकोन, कोरी माती.

"बाबा, इथे काय आहे?"

"तिथं पैले फुटकी होडी पडलेली असायची," गुणाजी चहा फुंकत म्हणाले. "तिचीच जागा असंल. आमी दर्यावर, खल्याचं काय ते बायकांना ठावं."

हे वाक्य नेत्राने शेवटपर्यंत ऐकायला हवं होतं. पण तिला होडी पुरली. तिने चौकोनाभोवती ठिपके टाकले आणि आकृतीला तेवढं भोक पाडलं. घरांकडून एक पायवाट येऊन त्या भोकापाशीच थांबत होती. भोकाकडे कोण जाणार, म्हणून तिने ती रेषाही पुसून टाकली. नकाशा कसा स्वच्छ दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो अलिबागला द्यायचा होता. आदल्या संध्याकाळी देवळात टीव्हीला लॅपटॉप जोडून सगळ्यांना दाखवायचं ठरलं. बायका पुढे बसल्या, पुरुष खांबांना टेकले.

"ह्यो आमचा खला?" शकू म्हणाली. जिभेला हाड नसलेली म्हणून ती वाड्यात प्रसिद्ध. "मला तर मेदूवडाच वाटला."

सगळे हसले, नेत्रासुद्धा.

"माजी जागा कंची गो?" नीराबाईने विचारलं. ती सगळ्यांत पुढे, डोळे बारीक करून बसली होती.

शकू उठली, टीव्हीवर बोट ठेवून मोजू लागली. "ही आवडाबायची. ही माजी. आनी माज्या बाजूला तू, म्हंजे..."

बोट भोकात येऊन थांबलं.

"मी न्हाय त्यात?" नीराबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून नेत्राला जास्त लागलं. "मंग बसू कुठं?"

एकटी बाई, सुकी मासळी विकून जगणारी. तिची जागाच तेवढी आपण खळ्यातून कापून काढली, हे नेत्राच्या ध्यानात आलं.

"काकी, मी मनाने नाही केलं. फोटोत इथे काहीच नव्हतं. हे बघा." तिने वरचा रंग काढला, खालचा फोटो मोठा केला.

नीराबाई टीव्हीच्या अगदी जवळ गेली. गुलाबी जवळा, आणि मध्ये कोरा चौकोन.

"कवाचा फोटू ह्यो?"

कोपऱ्यात तारीख होती. "दोन वर्षांपूर्वीचा, फेब्रुवारीतला."

"म्हंजे माघातला," नीराबाई म्हणाली. "कान्हा दिवालीला गेला."

कान्हा तिचा नवरा. नेत्राने त्याला पाहिलेलं नव्हतं.

"त्या साली जवला उदंड," नीराबाई शकूकडे वळली. "जागा पुरली न्हाय म्हून रस्त्यावर सुकवलात. मला घरात वास यायचा. मंग ही जागा रिकामी कशी?"

शकू पदराच्या टोकाशी खेळत होती. "सुतकातल्या घरची जागा सोडायची असते."

"तेरा दिस. माघापरत न्हाय."

"तू आली नव्हतीस ना अजून," शकू म्हणाली. "आली असतीस नि तितं आमचा जवला दिसला असता, तर मुकाट मागं फिरली असतीस. तुजा सभाव आमाला ठावं न्हाय व्हय?"

"कोनी सांगितलेलं?"

"कोन सांगनार? कोनी टाकला न्हाय, एवढंच."

नीराबाईने चौकोनावर तळहात ठेवला. "मी शिमग्याला आले, जागा व्हती, बसले. मला वाटलं, जागा काय, असतेच." मग नेत्राकडे पाहून म्हणाली, "तू भोक पाडलास म्हून कललं गो. न्हायतर ह्या कंदी बोलल्या नसत्या."

चुकीबद्दल आपल्याला कुणी असं म्हणेल, हे नेत्राच्या स्वप्नातही नव्हतं. ती कामाला लागली. भोकाची कडा निवडली, पुसली. रंग आत पसरला आणि खळं एकसंध झालं. मग पुसलेली पायवाट.

"तुम्ही सांगा काकी, मी ठिपके टाकते."

"माज्या दारातून नीघ. हितं वल, माडाचा खोड हाय. आता खाली. थांब, थांब, आवडाबायच्या पडवीत शिरलीस."

"शिरू दे," मागून आवडाबाई म्हणाली, "चा घेऊन जाईल."

रेषा वळत वळत खळ्यात पोचली. नेत्राने सेव्ह केलं. गुणाजींनी घसा खाकरून नकाशा मंजूर झाल्याचं जाहीर केलं आणि होडीचा विषय काढला नाही.

लोक उठले तरी नीराबाई बसून होती. "पोरी, तो भोकाचा गेला का आता?"

"आहे काकी, जुनी फाइल आहे."

"मंग एक मला काढून दे. खालच्या फोटूसकट."

नेत्राने दोन नकाशे छापून आणले. बरोबर होता तो अलिबागला गेला. चुकीचा नीराबाईच्या भिंतीवर लागला, कान्हाच्या तसबिरीखाली. तिला अक्षरओळख नाही, पण घरी कुणी आलं की ती नकाशापाशी नेते. तुझी जागा कुठली म्हणून कुणी विचारलंच, तर बोट आधी कोऱ्या चौकोनावर ठेवते, मग त्याच्या कडेकडेने सावकाश फिरवते.

"ही शकू," ती सांगते, "ही आवडाबाय..."