खोडरबरचं शिफारसपत्र

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकाउंट्सचा प्रमुख होतो. हाताखाली तिघं. त्यांतली सगळ्यांत धाकटी म्हणजे आमची खोडरबर. हे नाव तिला कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण चिकटलं खरं, कारण दुसऱ्यांच्या चुका ती गाजावाजा न करता पुसून टाकायची. गोदामातला माल आणि पुस्तकातला माल यांचा मेळ घालणं हे आमच्याकडचं सगळ्यांत किचकट काम. ते तिच्याकडे गेल्यापासून ऑडिटर मंडळी निमूटपणे चहा पिऊन वेळेत घरी जायला लागली होती.

एकदा दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळली.

"सर, एमबीए करायचंय. अकाउंटिंग घेऊन. दोन वर्षं, पूर्ण वेळ. दुसऱ्या शहरात राहावं लागेल. वरिष्ठांचं शिफारसपत्र मागितलंय. तुमच्याशिवाय कुणाला सांगू?"

"अगं, मग सांगायचं काय त्यात! लिहितो की."

फॉर्म ईमेलवर आला. उमेदवाराला तो दिसणार नाही, असं वरच लिहिलं होतं. वर्षअखेर तोंडावर होती. फॉर्म उघडला आणि डोक्यात पहिला विचार आला, ही गेली तर गोदामाचं कोण बघणार? पुढचे रकाने त्या विचारानेच भरले. नेतृत्व: सरासरी. स्वतंत्र विचार: सरासरी. खाली दोन ओळी लिहिल्या: 'कष्टाळू आहे. सांगितलेलं काम मार्गदर्शनाखाली चोख करते.' यात खोटं काय आहे, असं स्वतःलाच विचारलं, बटण दाबलं आणि जेवायला गेलो. त्या दिवशी डबा पूर्ण संपवला, हे मला अजून आठवतं.

मुलाखत झाली, पण तिला प्रवेश मिळाला नाही.

"माझंच काहीतरी कमी पडलं, सर," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "मुलाखतीत घाबरली असशील."

तिने ते खरं मानलं. एवढंच नाही, तर मनावर घेतलं. माझी बायको निवृत्त शिक्षिका. ऑफिसच्या एका समारंभात दोघींची ओळख झाली होती. खोडरबर दर रविवारी सकाळी आमच्या घरी मुलाखतीचा सराव करायला येऊ लागली. बायको खुर्चीत ताठ बसून प्रश्न विचारायची आणि ती उभी राहून उत्तरं द्यायची. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेला. एकच पान तासभर उलटायचं नाही.

"तुमच्यातला एक दोष सांगा," बायकोने एकदा विचारलं.

"मी पटकन घाबरते," ती म्हणाली. "आमच्या सरांनी ते बरोबर ओळखलं."

ती गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, ही पोर कुठे घाबरते? मीच दोनदा अडखळले तिच्यापुढे. तुम्ही पत्रात लिहिलं होतं तरी काय?"

मी सांगितलं. जसंच्या तसं. तीस वर्षं वर्गातल्या चुकार मुलांकडे ती जशी बघायची, तशी तिने माझ्याकडे पाहिलं.

"परत फॉर्म भरायची वेळ आलीय ना तिची? या वेळी चांगलं लिहीन," मी म्हणालो.

"ते नंतर. आधी तिला सांगा. आणि माझ्यासमोर नको. तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गोदामात गाठलं. हातात यादी घेऊन ती खोक्यांचे गठ्ठे मोजत होती. सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. 'सरासरी' हा शब्दही सांगितला.  ती यादीवर बोट ठेवून म्हणाली, "एकदा परत मोजावं लागेल. आकडा विसरले."

"रागाव ना माझ्यावर. काहीतरी बोल."

"माझं एक वर्ष गेलं, सर. आणि वर्षभर मी आरशासमोर उभी राहून माझाच दोष शोधत होते." तिचा आवाज चढला नाही. "या वेळचं पत्र मी आपली पुस्तकं तपासायला येतात त्या ऑडिटर बाईंकडून घेईन."

त्या बाईंनी काय लिहिलं मला माहीत नाही. प्रवेश मिळाला. राजीनाम्यानंतरच्या महिनाभरात तिने नव्या माणसाला गोदामाचं सगळं काम शिकवलं, कुठलीही गोष्ट हातची न राखता. माझ्याशी मात्र नेमकं कामापुरतं बोलायची. शेवटच्या दिवशी मी तिला जिन्यात थांबवून माफी मागितली.

"माफ करायला हवं, हे कळतं मला," ती म्हणाली. "अजून जमत नाहीये. उगाच खोटं कशाला बोलू?"

मी बाजूला झालो आणि ती खाली उतरून गेली. त्या वर्षी गोदामाचा मेळ लागायला तीन आठवडे उशीर झाला. कारखाना काही बंद पडला नाही. याचीच मला जास्त लाज वाटली.

बायकोला तिचा फोन येतो, बहुतेक रविवारी. माझी चौकशी त्यात नसते. मीही शेजारी बसत नाही. पण परवा आम्ही दोघं भाजी निवडत बसलो होतो आणि बायकोने हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला.

"कॉस्टिंगचं एक गणित सुटत नाहीये हो, बाई," ती सांगत होती. "कँटीनचा खर्च वर्कशॉपवर, वर्कशॉपचा कँटीनवर. आधी कुणाचा वाटायचा?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हलक्या आवाजात म्हणालो, "जो जास्त विभागांना सेवा देतो, त्याचा आधी."

बायकोने ते तिला सांगितलं. पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. 

"आणि दोघं सारख्याच विभागांना देत असतील तर?" तिने विचारलं. "विचारा त्यांना."

मी भाजीचं ताट खाली ठेवलं आणि फोनजवळ सरकलो.