दहा मिनिटांचे मासे

मी एक जुना क्लिकर आहे, मित्रांनो. तुमच्याकडे जप मोजायला बोटात घालायचं छोटं यंत्र असतं ना, त्याचा मी थोरला, पोलादी भाऊ. अंगठ्याने खटका दाबला की माझा आकडा एकाने पुढे जातो. बाजूची चावी फिरवली की पुन्हा चार शून्यं. एकदा दाबलेला एक आकडा मात्र मला मागे घेता येत नाही. माझ्या घडणीतच ते नाही.

कारखान्यातून बाहेर पडलो तो थेट जत्रेच्या फाटकावर. अमेरिकेतल्या मेन राज्यात आमच्या भागात दर सप्टेंबरात जनावरांची मोठी जत्रा भरते, तिथे आत शिरणारी माणसं मी वीस वर्षं मोजली. मग फाटकावर आपोआप मोजणारं यंत्र आलं आणि मी एका खणात, वाळलेल्या पेनांच्या सोबतीला जाऊन पडलो. किती वर्षं ते सांगता येणार नाही, कारण खणात मला कुणी दाबलंच नाही.

मला बाहेर काढलं वेंडेल टारबॉक्सने. वेंडेल मासे धुरावर सुकवून विकायचा आणि ऑल्डर नदीच्या धरणावर गावातल्या हौशी लोकांकडून मासे मोजून घ्यायचा. त्याने मला ओडील गान्येच्या हातात ठेवलं. ओडील तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. नवरा गेलेला, बुटांचा कारखाना बंद पडलेला, आणि वसंतात करायला काहीच नाही म्हणून ती आली होती.

"दहा मिनिटं, ओडील," वेंडेल म्हणाला. "पांढऱ्या फळीवरून वर गेला तो एक. काहीच आलं नाही तर शून्य लिहायचं. शून्य लिहायला लाजायचं नाही."

"तीस वर्षं मी बुटांचे जोड मोजलेत. आता तू मला मोजायला शिकव."

"बूट पळत नाहीत, बाई."

धरणाच्या कडेला, माशांना धरण चढून वर जाता यावं म्हणून, पायऱ्यांवरून पाणी वाहणारा काँक्रीटचा जिना होता. एलवाइफ नावाचा वीतभर, चंदेरी मासा दर मे महिन्यात समुद्रातून निघतो आणि वरच्या तळ्यात अंडी घालायला जातो. जिन्याच्या माथ्यावर पांढरी फळी बसवलेली होती. तिच्यावरून मासा गेला की ओडीलचा अंगठा दाबायचा आणि माझ्या पोटात टिक व्हायचं. चांगल्या दिवशी तर माझी टिकटिक थांबायची नाही. मोजून झालं की ती तापमान आणि आकडा वहीत लिहायची, कागद वाचनालयातल्या पेटीत टाकायची. हंगाम संपला की पुलाजवळच्या पाटीवर गावाची बेरीज लागायची आणि लोक गाड्या थांबवून वाचायचे. माझं आयुष्य मार्गी लागलं असं मला वाटलं, आणि तसं वाटायला मला लाज वाटत नाही.

पाचव्या वर्षी वसंत कोरडा गेला. धरणाच्या पाण्याने खालचा तळ वर्षानुवर्षं खरवडला होता, त्यात नदी उतरली, आणि जिन्याची पहिली पायरी पाण्याच्या वर वीतभर लटकत राहिली. सॅमन मासा असता तर उडी मारून गेला असता. एलवाइफ उडी मारत नाही. ते शेकड्यांनी खाली गोळा झाले, काँक्रीटवर नाकं घासत राहिले, आणि वरून बगळ्यांनी त्यांना उचलायला सुरुवात केली.

ओडीलने दहा मिनिटं पाहिलं. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी ती घरून जाळं आणि निळी बादली घेऊन आली. गुडघे धरत खाली उतरली, वीसेक मासे बादलीत घेतले, धापा टाकत वर चढली आणि फळीच्या अलीकडच्या पायरीत सोडले. "जा रे बाळांनो," ती म्हणाली. मासे फळीवरून पलीकडे गेले. तिचा अंगठा आपसूक चालला आणि मी वीस वेळा वाजलो.

"गेलेच ना वर?" ती मला म्हणाली. "मग मोजायला काय हरकत आहे?"

मलाही हरकत दिसली नाही, मित्रांनो. उलट मला तिचा अभिमान वाटला. त्यानंतर जेव्हा जेव्हा पाणी उतरलं तेव्हा तेव्हा बादली आली. असे सहा वसंत गेले. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण मासे हाताळायची परवानगी मोजणाऱ्यांना नव्हती.

मग परवान्याचं निघालं. नदी अडवायची तर धरणाला सरकारी परवाना लागतो आणि आमच्या धरणाचा परवाना संपत आला होता. नवा मिळणार होता तो चाळीस वर्षांसाठी. त्याआधी धरणाने नदीचं काय होतं याचा अहवाल धरण चालवणारी कंपनी काढते आणि लोकांना सुनावणीत बोलता येतं. गावाची मागणी एकच होती: जिना नवा बांधा. अहवालाचा मसुदा वाचनालयात आला, विटेएवढा जाड. वेंडेल आणि ओडील शेजारी बसून वाचू लागले. मी तिच्या कोटाच्या खिशात होतो.

वेंडेलने बोट ठेवून वाचलं, "सध्याचा जिना समाधानकारक काम करतो. कोरड्या वर्षांतही सरासरी एकोणचाळीस हजार मासे वर गेले. नव्या जिन्याची गरज नाही." त्याने चष्मा काढला. "आपल्याच आकड्यांनी आपलं तोंड बंद केलं यांनी."

"एकोणचाळीस हजार कुठून आले?" ओडीलने विचारलं. "कोरड्या दिवसांत मी तीस-चाळीसच लिहायचे. बाकीच्यांची तर शून्यंच असायची."

"दहा मिनिटांचे चाळीस म्हणजे तासाचे दोनशेचाळीस. त्यावरून दिवसाचे, दिवसावरून हंगामाचे. पहिल्याच वर्षी सगळ्यांना समजावलं होतं, चर्चच्या जेवणाला. तू तेव्हा बीन्स ढवळत होतीस."

खिशात तिची मूठ माझ्याभोवती इतकी आवळली की माझा खटका एकदा उगाचच दाबला गेला.

तिने त्याला गाडीत सांगितलं. बादली, जाळं, सहा वर्षं, सगळं. वेंडेलने गाडी सुरू केली नाही.

"किती बादल्या?"

"मोजल्या नाहीत."

"मासे मोजलेस आणि बादल्या मोजल्या नाहीस." "बोलू नकोस, ओडील. आपण दुसरं काहीतरी मांडू. तू उठलीस तर सगळ्यांची अकरा वर्षं केराच्या टोपलीत जातील. गावात तोंड दाखवता येणार नाही, तुलाही आणि मलाही."

"आणि नाही उठले तर?"

"तर जिना आहे तसा राहील."

"चाळीस वर्षं," ती म्हणाली. त्याने गाडी सुरू केली.

सुनावणी अग्निशमन दलाच्या शेडमध्ये झाली. बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं होती, आणि एक बाई बोललेलं सगळं टिपून घेत होती. ओडीलचं नाव पुकारलं गेलं. ती मला हातात घेऊन उठली.

"कोरड्या दिवसांतले माझे मासे जिना चढलेले नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना बादलीतून वर नेलं आणि मोजलं. वेंडेलला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. पाणी उतरलं की पहिली पायरी वर राहते आणि हा मासा उडी मारत नाही. माझ्या आकड्यांत जो जिना चालतोय तो जिना नाही, माझे गुडघे आहेत."

कंपनीचा सल्लागार उठला. "म्हणजे या मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही, हे नोंदवून घ्यावं."

"घ्या," ओडील म्हणाली. "माझ्यावर ठेवू नका. पण मग तुमचा अहवाल कशावर उभा आहे तेही नोंदवा."

सुनावणी घेणाऱ्या सरकारी खात्याच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिसेस गान्ये, तुम्ही मदत केली नसती तर किती गेले असते?"

ओडीलने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? वर सोडलेला मासा आणि आपल्या बळावर चढलेला मासा, माझ्या पोटात दोन्ही सारखेच वाजतात. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी घृणा वाटली.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. तिची तीन मिनिटं संपली.

अहवालातलं ते प्रकरण खात्याने बाजूला ठेवलं. परवान्याआधी दोन वसंत नव्याने मोजणी होईल, कॅमेऱ्यानेही आणि माणसांनीही, आणि कुणीही माशांना हात लावणार नाही, असं ठरलं. पुलाजवळची पाटी कुणीतरी उतरवली. चर्चच्या जेवणाला ओडीलच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. वेंडेलने मला तिच्याकडून परत घेतलं आणि हिवाळाभर मी त्याच्या गाडीच्या कप्प्यात थंडीने आखडून पडलो. गंज तेव्हाच लागला.

मे महिन्यात तो तिच्या दारात उभा राहिला. मला पुढे करत म्हणाला, "सकाळची दहाची पाळी. बादली घरी ठेव."

"बसायला काहीतरी लागतं मला," ती म्हणाली.

म्हणून ती आज पालथ्या बादलीवर बसली आहे. जाळं घरी आहे. पाणी उतरलेलं आहे. खाली मासे दाटले आहेत, काहींची पांढरी पोटं वर आली आहेत, आणि एक बगळा घाईशिवाय चालतो आहे. ओडीलच्या डोळ्यांतून पाणी वाहतं आहे आणि ती ते पुसत नाही, कारण एका हातात घड्याळ आहे आणि दुसऱ्यात मी.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे आणि तुमच्याकडे एकच गोष्ट मागतो. एखाद्यावर तुमची माया असेल तर त्याला जरूर उचला, पाण्यापर्यंत न्या. पण तो आपला आपण चढला असं कुठे लिहू नका. तुमचं लिहिलेलं वाचून कुणीतरी त्याचा जिना तसाच ठेवील.

दहा मिनिटं झाली. तिचा अंगठा माझ्या खटक्यावर होता आणि तो एकदाही हलला नाही. तिने वहीत तापमान लिहिलं आणि त्याच्या पुढे शून्य लिहिलं.

उद्याही दहालाच तिची पाळी आहे.