हलकी दोरी

मी रागीट आहे, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. माझ्या गॅरेजात पाना जागेवर नसला की मी ओरडते, आणि गिऱ्हाईक अक्कल शिकवायला लागलं तर त्यालाही सोडत नाही. खारघरहून स्कूटर घेऊन येणारे साहेब लोक मला मॅडम म्हणतात ते धाकाने. पण त्या गुरुवारी दुपारी दोन वाजता मीच घाबरले, आणि त्याला कारण माझा हाच स्वभाव.

माझ्या बाबांचं, म्हणजे काळूराम कोळ्यांचं, होडीच्या मागे लावायचं मशीन मी दुरुस्तीला घेतलं होतं. दोन सिलिंडरचं, चौदा वर्षं खाऱ्या पाण्यात राबलेलं. चालू व्हायला रडायचं, आणि चालू झालं तरी होडी ओढायचं नाही.

"पोरी, प्लग काड आनि भोकावर अंगठा लाव," बाबा म्हणाले. "दाब असंल तर अंगठा उडंल."

समोर दोन गिऱ्हाइकं बसलेली. "बाबा, अंगठ्याचं दिवस गेलं," मी म्हटलं. "मी आयटीआयला काय अंगठं मोजायला गेलती?"

गिऱ्हाइकं हसली. बाबाही हसले आणि बाहेर जाऊन बसले.

मी रीतसर दोन्ही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडला, दाब मोजायचा गेज लावून मशीन चालू करायची दोरी पाच-सहा वेळा ओढली. वरच्या सिलिंडरला एकशे दहा दाब, खालच्याला जेमतेम सत्तर. दाब धरून ठेवणाऱ्या पिस्टनच्या रिंगा कार्बनने चिकटल्या असणार, असं धरून मी खालच्यात कार्बन सोडवायचं औषध ओतलं आणि मशीन तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी औषध काढलं, आत गंज धरू नये म्हणून ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावला. एकशे पाच! मशीन पहिल्या ओढीत चालू झालं. मी बाबांना म्हटलं, "ने आता. ठीक हाय." ओहोटी लागल्यावर ते एकटेच निघाले.

दुपारी मी ऑइलचा डबा पुसत होते. बोटाला लागलेलं ऑइल नखाच्या कडेला जाऊन बसलं, आणि मला एकदम सकाळचा गेज आठवला.

झिजलेल्या रिंगांच्या फटीत ऑइल बसलं की दाब आपोआप वाढतो. ते जळून गेलं की दाब पुन्हा खाली. रिंगा गेल्यात का हे बघायला मेकॅनिक मुद्दाम चमचाभर ऑइल टाकतात, हे मी चार जणांना शिकवलंय. आणि मी स्वतः ऑइल टाकून दाब मोजला होता! मशीन थोडं चालवायचं, ऑइल जाळायचं आणि मग मोजायचं, एवढं साधं काम मी केलं नव्हतं. बाबांना मी बिघडलेलं मशीन देऊन समुद्राकडे पाठवलं होतं.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

बाबांचा गुडघा गेलेला, वल्हं मारणं त्यांना जमत नाही. मशीन बंद पडलं तर ओहोटी होडीला खाडीतून सरळ बाहेर नेणार, न्हाव्याकडे, जिथून कंटेनरची जहाजं जातात. त्या जहाजांना समोरची लहान होडी दिसत नाही, आणि दिसली तरी थांबता येत नाही. मी गॅरेज उघडं टाकून धक्क्यावर गेले.

"काळूदादा कवाच गेला," मासळी निवडत बसलेली भामा मावशी म्हणाली. "काय झाला गं? तोंड पांडरा पडलाय तुजा."

माझा चुलतभाऊ शैलेश होडी धूत होता. मी काही न सांगता त्याच्या होडीत चढले. "चल," एवढंच म्हटलं. वाटेत सगळं सांगितलं तेव्हा एरवी माझी खेचायची एकही संधी न सोडणाऱ्या शैलेशने तडक मशीनचा वेग वाढवला. त्या वेगाचीच मला जास्त भीती वाटली.

मला सगळ्या होड्या बाबांचीच होडी वाटायच्या. जवळ गेलं की दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. मी देवाला नवस बोलत होते आणि मध्येच स्वतःला शिव्या घालत होते. खाडी रुंद झाली तसं समोरून एक जहाज जाताना दिसलं. त्याच्या अलीकडे, फार अलीकडे नाही, एक निळी होडी लाटांवर वरखाली होत होती. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, पिवळा पट्टा मी ओळखला.

होडीत माणूस नव्हतं.

"बाबा!" मी ओरडले. एवढी मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते.

होडीच्या तळातून एक हात वर आला. मग डोकं. बाबांनी नांगर टाकला होता आणि दमून आडवे झाले होते. दोरी ओढून ओढून दोन्ही तळहात सोलवटले होते. मी त्यांच्या होडीत उतरले आणि त्यांना धरून रडले. शैलेशने आमची होडी आपल्या होडीला बांधली.

परतताना बाबा म्हणाले, "पैला जाला टाकायला मशीन बंद केला. परत दोरी ओडली तवा हलकी लागली. पैल्यासारका दाब नाय. तरी चालू झाला, आनि भायेर आल्यावर बंद पडला."

"तवा खाडीतच व्हतास ना तू? मंग तवाच का नाय फिरलास?"

"तू बोललीस ना ठीक हाय. मना वाटला, माजा हातच म्हातारा झाला." त्यांनी तळहात उलटे करून मांडीवर ठेवले.



परत आल्यावर मी मशीन पूर्ण उघडलं. खालच्या पिस्टनची एक रिंग तुटलेली निघाली. नवा रिंगसेट बसवला, सिलिंडर घासून साफ केला, नवी गॅस्केट टाकली. पाण्याच्या पिंपात तासभर चालवलं, थंड होऊ दिलं. ऑइलचा थेंब न टाकता गेज लावला. वर एकशे दहा, खाली एकशे आठ. पुन्हा मोजलं, तेवढंच. आकडा कुणाला सांगितला नाही. गेज पेटीत ठेवला, प्लग बसवले आणि बाबांना हाक मारली.

"बाबा, दोरी ओढ."

हाताला अजून पट्ट्या होत्या. त्यांनी दोरी सावकाश ओढली, अर्ध्यावर थांबले, मग पूर्ण ओढली. आणि हाताकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "ठीक हाय ना गं?"

त्या निळ्या होडीत माणूस दिसलं नव्हतं तेव्हा वाटली होती, तीच भीती पुन्हा आली.

"मना नको विचारू," मी म्हटलं. "परत ओढ, आनि तू सांग."