नकाशावरचा ठिपका

उज्वलानं सिम बदललं, खोली बदलली, तीही दोनदा, तरी बजरंग आपला हजर! एकदा लातूरच्या बसस्टँडवर, एकदा भाजी मंडईत, काल तर नव्या खोलीच्या फाटकापुढंच. बोलायचा नाही. मोटरसायकलला टेकून नुसता बघायचा. नवरा होता तो तिचा, अर्धापूरचा. त्याच्या मारापायी चार महिन्यांमागं तिनं घर सोडलं आणि इथं लातूरला एका अभ्यासिकेत पोरांची हजेरी लिहायला लागली. आधी तो दिसला की ती पळत सुटायची. आता तेही बंद झालं होतं. वाट बदलायची, एवढंच.

तिच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या पुनमनं दुपारी मोबाईल ओढून घेतला. "आण इकडं. एकेक करून सगळं बघू."

बघितलं. पासवर्ड काय, तर लग्नाची तारीख. घ्या! पुनमनं कपाळावर हात मारला आणि दुसरा टाकला. स्टेटस अख्ख्या गावाला खुलं होतं, ते झाकलं. शेवटी नकाशा उघडला. उज्वला कुठं आहे हे कुणाकुणाला दिसतं त्याची यादी आली. यादीत एकच नाव होतं, आबा.

"हे तर माझे वडील," उज्वला म्हणाली. घर सोडून निघाली तेव्हा माहेरी लोह्याच्या स्टँडवर तिनंच त्यांच्या फोनवर ते लावून दिलं होतं. सिम बदललं तरी नकाशाचं खातं तेच राहतं, हे तिच्या ध्यानात कुठलं यायला!

तिनं फोन लावला. "आबा, अर्धापूरचे येतेत का घरी?"

"येतेत की. दर चार दिसाला येतेत, चहा घेतेत," आबा सहज म्हणाले. "जरा फोन बघू म्हणतेत. जावई माणूस हाय बाई, दारात आल्यावर न्हाई कसं म्हणू?"

"त्यांनी माझा दात पाडला. तुमी बघितलाय, आबा."

"हाव. आता न्हाई देत. तुझी शपथ."

राग यायला पाहिजे होता. आला नाही. रडूही नाही. तिनं यादीतून आबांचं नाव काढलं. मग उदगीरला आईच्या मैत्रिणीला, कमलम्मा मावशींना फोन करून सांगितलं, "मला विचारत कुणी आलं तर दार उघडू नका. मला कळवा फक्त."

तासाभरात आबांचा फोन. आवाज पार बसलेला. "बाई, तुझा ठिपका दिसंना गं. कामावर हाय, खोलीवर हाय, एवढं दिसलं की घास उतरतो मला. कुठं हायस?"

जन्मात ती आबांशी खोटं बोलली नव्हती.

"उदगीरला आले, कमलम्मा मावशीकडं. आता हितंच ऱ्हाणार. कुणाला सांगू नका."

"सांगंन कशाला? येडी का काय तू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अभ्यासिकेचं कुलूप काढत होती, तेवढ्यात मावशींचा फोन आला. मावशी अगदी हळू बोलत होत्या. "दारात मोटरसायकल हाय गं. तुझा नवरा आलाय."

"बरं," उज्वला म्हणाली. आत जाऊन तिनं खिडक्या उघडल्या, हजेरीचं रजिस्टर काढलं, तारीख घातली.

दहा वाजता आबांचा फोन आला. "जेवलीस का, बाई?"

"हाव, आबा," ती म्हणाली. "मावशीनं भाकरी केली होती."