मेणातला तुकडा

“काका, तुमचा ब्लॉक दुसऱ्या कुणाला कापायला देऊ का?” डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“नको. माझा मीच कापतो.”

सव्वीस वर्षं काका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हेच करत आले होते. रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणाच्या वडीत, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवायचा आणि यंत्राचं चाक फिरवून त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. आज वडीत त्यांच्याच अन्ननलिकेचा तुकडा होता. कॅन्सरचं निदान झालं होतं, उपचार सोमवारी सुरू व्हायचे होते. उरलेला तुकडा मॅडमना अभ्यासासाठी हवा होता. या कॅन्सरमागे एखादा विषाणू असतो का, ते त्या शोधत होत्या.

तिथंच घोडं अडलं होतं. तोच विषाणू आठ वर्षांपूर्वी काकूंच्या गर्भाशयाच्या तोंडाशी सापडला होता. त्या बऱ्या झाल्या, पण या अभ्यासाचं ऐकल्यापासून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“माझ्याकडूनच तो तुम्हाला लागला असेल तर?”

“अगं, तंबाखू काय तू चारलीस मला? चाळीस वर्षं मीच चघळली.”

“ते काही सांगू नका. सही करा. मला कळलंच पाहिजे.”

काकांनी अभ्यासाच्या संमतीपत्रावर सही केली होती.

“समजा सापडला, तर त्यानंच झालं असं ठरतं का?” त्यांनी आता मॅडमना विचारलं.

“नाही हो. काही जणांत सापडतो, काहींत नाही. अजून सगळे चाचपडतायत.”

मॅडम गेल्या. काकांना मरणाची भीती होतीच, ती तर घासागणिक घशाशी यायची. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. ‘सापडला’ एवढं कानावर पडलं की ही पुढचं काही ऐकणार नाही. आपण गेल्यावर उरलेला जन्म स्वतःलाच खात बसेल.

त्यांनी चाक फिरवलं. सुटलेले काप काचेवर न घेता कचऱ्याच्या डब्यात टाकले. पुन्हा फिरवलं. एक काप कधी वाया न घालवणारा तो माणूस आज थांबला नाही. वडीतला करडा ठिपका बारीक होत गेला. शेवटी नुसतं पांढरं मेण उरलं.

नोंदवहीत त्यांनी लिहिलं, ‘कापताना चूक. नमुना संपला.’ खाली सही केली.

परत आल्यावर मॅडमनी वही वाचली, वडी उजेडात धरून पाहिली.

“काका, तुमच्याकडून चूक?”

“वय झालं, मॅडम,” काका म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याची वडी यंत्रात बसवली.